रॉक मशीन, कूलर आणि नव्वद रात्री

गेल्या शुक्रवारी कँटीनमध्ये टीममधला एक नवा पोरगा समोर येऊन बसला. कुठल्याशा बँडमध्ये बास वाजवतो. म्हणाला, "सर, तुम्ही पण ड्रम्स वाजवायचात म्हणे? नागपुरात? तिकडे सीन होता का?"

मी "छे रे, कसला सीन" म्हणून डबा बंद केला आणि उठलो. पण ते 'छे रे' दोन दिवस डोक्यात वाजत राहिलं. कारण ते खोटं होतं. म्हणून आजचा शनिवार त्याच्या नावाने.

तर सुरुवात एका कॅसेटपासून. मुंबईहून उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या मामेभावाने ती आमच्याकडे विसरली आणि मी ती परत केली नाही. बँडचं नाव रॉक मशीन. १९८४ साली महेश तिनईकर या गिटारिस्टने मुंबईत सुरू केलेला बँड. तिनईकर! म्हणजे आडनावाच्या शेवटी 'कर' असलेला माणूसही हे वाजवू शकतो, हा मला बसलेला पहिला धक्का. गायक उदय बेनेगल. बहुतेक बँड तेव्हा इंग्लंड-अमेरिकेची गाणी जशीच्या तशी वाजवण्यात धन्यता मानायचे. यांनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक एन रोल रेनेगेड' काढला, १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. कॉलेज फेस्टिव्हल, मैदानं, सभागृहं, जिथे बोलावतील तिथे जायचं, असं करत देशभर फिरले. बाहेरून येणाऱ्या गिटारवर आणि अँपवर तेव्हा जबर कस्टम ड्यूटी, धड साउंड सिस्टीम मिळेल याची खात्री नाही. तरी फिरले. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले, १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड फुटला.

ही फुटल्याची बातमी आमच्यापर्यंत पोचलीच नाही. त्यामुळे १९९८ साली, त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून, आम्ही चौघांनी इंजिनिअरिंग कॉलेजात बँड काढला. :)

प्रॅक्टिस गिटारिस्टच्या घरी, धरमपेठेत, गॅरेजमध्ये. ड्रमसेट एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून भाड्याने आणायचा, सायकल रिक्षात मांडीवर बेस ड्रम घेऊन. लग्नसराई असली की सेट मिळायचा नाही, मग मी डब्यांवर वाजवायचो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला. कूलर लावला तर त्याच्या घरघरीत गिटार ऐकू येत नाही, बंद केला तर गिटारिस्ट दिसेनासा होतो, डोळ्यांत घाम. शेवटी ठरलं, गाणं चालू असताना कूलर बंद, दोन गाण्यांच्या मध्ये चालू. लाइट गेली की प्रश्नच मिटला. मग सीताबर्डीपर्यंत भटकून तर्री पोहे.

आमचा गिटारिस्ट खरंच चांगला होता. हे मी मैत्रीपोटी म्हणत नाही. मी बरा होतो, बाकी दोघे हौशी होते, तो चांगला होता. कॅसेट रिवाइंड करून करून तो सोलो उतरवायचा आणि मग म्हणायचा, "हे तं झालं बे. आता आपलं काही बनवू." त्याने तीन गाणी बनवली. आम्ही ती एकूण दोनदा वाजवली, दोन्ही वेळा कॉलेजच्या गॅदरिंगला, आणि दोन्ही वेळा समोरून फर्माईश आली हिंदी पिक्चरची.

आज कळतं की आम्हाला पोरं कमी नव्हती पडली, खोली कमी पडली. नागपुरात गाणी ऐकणारे आणि वाजवणारे दोन्ही होते. गणपतीत, कोजागिरीला ऑर्केस्ट्रे जोरात चालायचे. पण दर आठवड्याला, त्याच जागी, तीसचाळीस लोकांसमोर स्वतःचं गाणं वाईट वाजवून पुढच्या आठवड्यात थोडं बरं वाजवायला मिळेल, अशी जागा आमच्या माहितीत नव्हती. वर्षातून दोनदा वाजवून बँड होत नाही.

२००१ मध्ये मला नोकरी लागली, मुंबईत. दोघांनी जायचं ठरलं होतं, गेलो मी एकटा.

मुंबईत मग ती खोली पाहिली. आधी धोबीतलावचं रंगभवन. झेवियर्सला लागून असलेलं उघडं नाट्यगृह. १९७८ मध्ये इथे जॅझ यात्रा सुरू झाली, १९८६ मध्ये फरहाद वाडियांचा इंडिपेंडन्स रॉक. वर आकाश, खाली काळ्या टी-शर्टांचा समुद्र. मग जुहूचा रॅझबेरी ऱ्हायनोसेरोस. काळोखी, सिगारेटचा धूर, ड्रमसेट आणि अँप जागेवरच मांडलेले, बँडने फक्त गिटार घेऊन यायचं. तिथे एका रात्री झीरो नावाचा बँड ऐकला. गिटारवर वॉरन मेंडोन्सा, पुढे जो ब्लॅकस्ट्रॅटब्लूज या नावाने एकटा अल्बम काढू लागला. समोरची पोरं त्यांची स्वतःची गाणी तोंडपाठ म्हणत होती. मी त्याच रात्री नागपूरला एसटीडी लावला. म्हटलं, "तू ये. इथे आपली गाणी ऐकतात बे लोक."

तो आला. २००३ च्या पावसाळ्यात, रात्रभराचा प्रवास करून, तिन्ही गाण्यांची सीडी आणि गिटार घेऊन. शनिवारी संध्याकाळी एका क्लबवाल्याला भेटायचं होतं, ओळख माझ्या ओळखीच्याची, म्हणून मी सोबत असणं गरजेचं. त्याच शनिवारी आमचं रिलीज होतं. दुपारी बिल्ड फुटला. मी फोन सायलेंटवर टाकून ड्रॉवरमध्ये ठेवला. 'अर्ध्या तासात निघतो' असं स्वतःला सांगत रात्रीचे साडेअकरा झाले. ड्रॉवर उघडला तर सात मिस्ड कॉल.

तो दोन तास पावसात उभा राहिला, मग स्टेशनवर जाऊन बसला आणि मिळेल त्या गाडीने परत गेला. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. ते रिलीज कशाचं होतं, हे आज मला आठवतही नाही.

पुढे रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून गप्प झालं: हॉस्पिटल, शाळा, कोर्टापासून शंभर मीटरच्या आत लाउडस्पीकर नाही. रॅझबेरीही गेलं. २००७ मध्ये लोअर परळच्या मिलमध्ये ब्लू फ्रॉग उघडलं, तेही २०१६ मध्ये बंद झालं. मी पुण्यात आलो, लग्न, फ्लॅट, ईएमआय. गिटारिस्टबद्दल कळलं की तो झाडीपट्टीत नाटकांना की-बोर्ड वाजवतो. मी मित्रांमध्ये म्हणालो, "वाया गेला रे पोरगा." हे वाक्य मी म्हटलंय, लपवत नाही.

२०१२ मध्ये इंडस क्रीडचा 'इव्हॉल्व' आला. दोन वर्षांपूर्वी बँड पुन्हा जमला होता, हा पंधराएक वर्षांनंतरचा नवा अल्बम. हे लोक पुन्हा एकत्र वाजवू शकतात तर मी एक फोन करू शकतो, असं वाटलं. फोन केला. तो म्हणाला, "सीझन चालू हाय. याचं असन तं वडश्याले ये."

देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडी वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि तिथपासून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात रात्र रात्र नाटकं होतात. आज या गावात, उद्या त्या गावात. कलाकार, सेट, वाद्यं, सगळं गाड्यांत कोंबून. २०२३ मध्ये या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मी मात्र २०१२ च्या त्या डिसेंबरात तणसावर घोंगडी पांघरून बसलो होतो. रंगमंचासमोर वादक. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि की-बोर्डवर आमचा गिटारिस्ट, कानटोपी घालून.

रात्री तीनच्या सुमारास नाटकात मुलगा बापाला सोडून शहरात निघतो. त्या प्रवेशात त्याने की-बोर्डवर गिटारचा आवाज लावला, डाव्या हाताने पिच व्हील वाकवलं, आणि गॅरेजमधल्या तिसऱ्या गाण्याची सुरुवात वाजवली. हजारभर माणसं चिडीचूप. समोरची एक आजी पदराने डोळे पुसत होती. मी पण.

पहाटे चहाच्या टपरीवर मी त्या शनिवारबद्दल बोलायला तोंड उघडलं. त्याने बशीत चहा ओतला. "ते जाऊ दे बे. मला सांग, तुह्या रॉक मशीनच्या सालभरात किती रात्री होत असन? मी तं मागच्या सीझनले नव्वद वाजवल्या."

मी हिशेब केला. आमच्या बँडच्या, अख्ख्या आयुष्यातल्या, दोन.

असो. त्या पोराला सोमवारी सांगणार आहे, की होता सीन. मीच त्यात नव्हतो. आणि हेही, की बँडमधल्या कुणाचा फोन आला की उचलत जा, बिल्ड फुटला तरी.

या मंडईला पुन्हा जातोय. ऑक्टोपॅडवाल्याला दोन दिवस सुट्टी हवी आहे म्हणे. काड्या शोधतोय.