तुमची खुशी

आमच्या पुण्यातल्या घराच्या बाथरूमला चार इंचांचा उंबरा होता. इमारत नव्वदच्या दशकातली, तेव्हा असेच असायचे. गुडघे दुखायला लागल्यापासून आई चौकट धरून, आधी डावा पाय उचलून आत जायची. हे मला गेली सहा वर्षं दिसत होतं. काम काढताना मी ठेकेदारासाठी जी एक्सेल शीट बनवली, तिच्यात टाइल्सचा साइज होता, नळाचा मॉडेल नंबर होता, वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी भरून ठेवायची अट होती. उंबरा नव्हता.

तो मिस्त्रीनं पाहिला. कामाच्या तिसऱ्या दिवशी आई दुसऱ्या बाथरूममध्ये शिरत होती, तिथंही तसाच उंबरा. त्यानं हातातली थापी खाली ठेवली आणि म्हणाला, "काकू, निदान हा काढून टाकू का?"

उंबरा काढणं म्हणजे पट्टी उचकटणं नव्हे. पाणी बाहेर यायला नको, म्हणून आतली सगळी लेव्हल खाली घ्यावी लागते. त्यानं आणखी भराव उपसला, न्हाणी ट्रॅप खाली सरकवला, फुटाला पाव इंच उतार धरून कोबा केला. दीड दिवस गेला. शिवाय ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा कडा गोल करून कोपऱ्यात बसवला, आईला बसून अंघोळ करता यावी म्हणून. सांगितलं कुणीच नव्हतं.

ठेकेदाराच्या शेवटच्या बिलात त्याची एक ओळ आली : 'उंबरा काढणे, बैठक – कॉम्प्लिमेंटरी.'

आता प्रश्न आला बक्षिशीचा. बाबा म्हणाले, पाचशे रुपये दे आणि मिठाईचा पुडा. बाबांच्या डोक्यात दिवाळीची पोस्त होती. पण पोस्त वर्षभराच्या संबंधाची असते, त्यात कामाचा हिशेब नसतो. इथं दीड दिवसाचं मोजता येईल असं काम होतं. आमच्या कंपनीत क्लायंटनं एक बटण इकडचं तिकडे करायला सांगितलं तरी आम्ही चेंज रिक्वेस्ट काढतो, तास लिहितो, रेट लावतो. क्लायंटनं खूश होऊन काहीतरी द्यावं, असं आजवर कुणी सुचवलेलं नाही.

ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, द्यायचं तर माझ्याकडे द्या, मी वाटतो. हातात दिलं की पुढच्या साइटवर सवय लागते." माणूस वाईट नाही, वेळेवर आला, मटेरियलमध्ये फसवलं नाही. पण वाक्य मला खटकलं. रात्री मी कायदाही शोधला, आमच्या पिढीला तेवढंच येतं. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात जादा वेळेला दुप्पट मजुरी होती. मात्र स्वतःच्या राहत्या घरात १० लाखांपर्यंतचं काम काढणारा माणूस त्या कायद्याच्या बाहेर ठेवला होता. म्हणजे मीच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला विचारलं, "जादा कामाचे किती द्यायचे?"

"तुमची खुशी."

हा दोन शब्दांचा दर मला फार अवघड जातो. माझ्या खुशीवर त्याचा दीड दिवस कशाला तोलायचा? मी दुसऱ्या बाजूनं विचारलं, "ठेकेदारानं त्या दिवसांची हजेरी लावली ना?"

तो हसला. "टाइल्सचं काम आम्ही उक्तं घेतो साहेब. फुटावर. हजेरी कुठली?"

तेव्हा बिलातली ती ओळ नीट वाचता आली. काम कॉम्प्लिमेंटरी होतं, पण ठेकेदाराच्या खिशातून नव्हे. टाइल्सचे फूट तेवढेच राहिले आणि दिवस वाढले, ते मिस्त्रीच्या पदरचे. ही गोष्ट आधी कळली नसती, तर मी पाचशे रुपये देऊन स्वतःला उदार समजून घेतलं असतं.

एरवी हजेरीवर गेला तर त्याला दिवसाचे ११०० मिळतात. दीड दिवसाचे १६५० झाले. मी २००० रोख दिले. त्यानं मोजले.

"हे जास्त झाले."

"दीड दिवसाचे आणि ग्रॅनाइटचे."

"मग ठीक," म्हणून त्यानं खिशात घातले. थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, "शेठला तुम्हीच सांगा. मी मागितले असं वाटायला नको." मी त्याच्यासमोरच ठेकेदाराला मेसेज केला. उत्तरादाखल अंगठा आला.

तो निघाल्यावर मला त्याच्याबरोबरची बिगारी बाई आठवली. उपसलेला जादा भराव तिनंच डोक्यावरून तीन मजले खाली नेला होता, कारण आमच्या लिफ्टमधून राडारोडा न्यायला सोसायटीची बंदी आहे. जिन्यात तिला गाठून थांबवावं म्हणून खाली पळालो, तर मिस्त्री एकटाच गाडीला किक मारत होता. बाई त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होती.

"तिचा नंबर आहे?"

"तिच्याकडे फोन नाही. नवऱ्याकडे आहे."

खिशात सातशे होते. ते मी मिस्त्रीकडे दिले आणि म्हणालो, "तिच्याच हातात द्या." तो हो म्हणाला. ठेकेदारही 'मी वाटतो' असंच म्हणाला होता.