तळव्याची निगा

आमच्या घरात त्वचेची काळजी रोज रात्री पावणेनऊला घेतली जाते. चेहऱ्याची नव्हे, आईच्या तळपायांची. मालिका संपते, आई पलंगाच्या कडेला बसते, मी खाली पाटावर बसून तिचं एक एक पाऊल मांडीवर घेतो. गेली सहा वर्षं हे चाललंय.

सुरुवातीला तिला भयंकर संकोच व्हायचा. लेकाच्या मांडीवर पाय ठेवायचे म्हणजे काय! आपल्याकडे पावलांना हात लावतात ते वरून, वाकून. तळवा नमस्कारात कधी दिसतच नाही. "दुखणा नाय, मगे बघतस कित्याक?" हा तिचा पहिला प्रश्न होता. दुखत नाही म्हणूनच बघायचं, हे तिला पटवायला दोन पावसाळे गेले.

तिला मधुमेह होऊन वीसेक वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पायांची एक साधी तपासणी केली. दाताच्या ब्रशच्या केसासारखा नायलॉनचा एक तंतू असतो, दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. डोळे मिटून बसायचं आणि तंतू टेकला की सांगायचं. आई डोळे मिटून बसली. डॉक्टरांनी अंगठ्याखाली, चवड्यावर, सगळीकडे तंतू टेकवला. ती गप्पच. शेवटी तिनेच विचारलं, कधी सुरू करणार म्हणून.

तळव्याच्या कातडीची गंमत अशी, की ती अंगावरच्या इतर कातडीपेक्षा कितीतरी जाड असते, पण तिच्यात तेलाच्या ग्रंथी नसतात. तिला ओलावा मिळतो तो मुख्यतः घामाचा. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायातल्या नसा मंदावतात. स्पर्श आणि वेदना कळवणाऱ्या मंदावतात, तशाच घामाला हुकूम देणाऱ्याही. म्हणजे कातडी कोरडी पडते, तडकते, आणि तडकल्याचं कळत नाही. भेग हे जंतूंना उघडं दार. त्यात रक्ताभिसरणही कमी झालेलं असेल तर जखम भरायचं नाव घेत नाही.

माझ्या मोठ्या मामाचं असंच झालं. त्याच्या करंगळीखाली कुरूप होतं. औषधाच्या दुकानातून कुरुपाची पट्टी आणली आणि चिकटवली. त्या पट्टीत सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, ते जाड कातडी विरघळवतं. धडधाकट माणसाला चुरचुरलं की तो पट्टी काढतो. मामाला चुरचुरलंच नाही. चार दिवसांनी मोजा ओला लागला. आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. दुकानदाराने त्याला मधुमेह आहे का एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. मामा नंतर सात वर्षं जगला आणि कुबडीची थट्टा करत राहिला, पण शेतात पुन्हा गेला नाही.

वेदना नसणं हेच दुखणं, ही गोष्ट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत दाखवून दिली. ते 1946 मध्ये तिथे आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असा तेव्हाचा समज. ब्रँड यांच्या लक्षात आलं की बोटं झडत नाहीत. माणूस तापलेलं भांडं उचलतो, खिळा रुतलेल्या चपलेने मैलभर चालतो, जखम तशीच वापरत राहतो, आणि जखम अशी वापरली गेली की बोट जातं. कारण 'थांब' म्हणणारं कुणी उरलेलं नसतं. कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी तिथे जे शिकलं गेलं ते पुढे मधुमेहींच्या पायांना कामी आलं. एमसीआर नावाच्या मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला हा त्यातलाच वारसा.

आणि नेमकं तिथेच आमचं घोडं अडलं. एमसीआरची चपल आणल्यावर आईने ती ओळखली. तिच्या लहानपणी सरकारी दवाखान्यातून 'त्या' रोगाच्या लोकांना अशाच चपला मिळत. "ही माका नको," एवढंच म्हणाली आणि चपल पडवीत ठेवून दिली. मी वाद घातला नाही. कुडाळच्या चांभाराकडे जाऊन तेच रबर आतून बसवून साधी तपकिरी, मागे पट्टा असलेली चपल करून घेतली. ती चालली.

रात्रीच्या पंधरा मिनिटांत फार काही नसतं. कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पाय धुवायचे. पाणी आईने स्वतः पायाने बघायचं नाही, कोपराने बघायचं, नाहीतर मला सांगायचं. आमच्याकडे अजून बंब आहे आणि त्यातलं पाणी किती कढत आहे हे तिचे पाय सांगत नाहीत. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्याने बोटांच्या बेचक्या टिपायच्या. घासायच्या नाहीत. पावसाळ्यात तिथेच चिखल्या होतात, म्हणून बेचक्यांत तेल, क्रीम काही नाही, कोरड्याच ठेवायच्या. टाचेला मात्र हवं तेवढं.

टाचेला काय लावायचं यावर आमचा तह झाला आहे. डॉक्टरांनी युरिया असलेलं क्रीम दिलंय. युरिया पाणी धरून ठेवतो आणि टणक थर मऊ करतो. आईचा भरवसा भिरंडेलावर. कोकमाच्या बियांचं हे तेल मुठीत वळून गोळे करतात, म्हणून मुठेलही म्हणतात. थंडीत ते मेणासारखं घट्ट असतं, दिव्यावर धरलं की पाझरतं. कढत थेंब थेट भेगेत सोडायची तिची जुनी रीत बंद केली. आता मी ते वाटीत पातळ करून, माझ्या मनगटावर निववून मग लावतो. एक दिवस क्रीम, एक दिवस भिरंडेल. दोन्हींनी टाच मऊ राहते असा माझा अनुभव. तिच्या मते क्रीमचं श्रेयही भिरंडेलाचंच. न्हाणीतली वज्री तेवढी माळ्यावर गेली. तिने ती लग्नापासून वापरलेली, त्यामुळे तिचं जाणं जरा जड गेलं.

खाण्यात मोठं काही बदललं नाही. क्रीमने जे होतं ते बाहेरून, साखर ताब्यात नसेल तर त्याचा उपयोग तात्पुरता. सकाळची उकड्या तांदळाची पेज राहिली, वाडगा लहान झाला. दुपारी भात कमी, कुळथाची पिठी, एखादी तारली किंवा बांगडा, माठाची भाजी. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि ती बाटलीतल्या कोलॅजेनच्या पावडरीपेक्षा बांगड्यातून स्वस्त पडतात. गणपतीत मोदक एकच. या एका मोदकावरून दर वर्षी भांडण होतं ते होतंच.

बघायचं काय असतं? लाली, नवीन घट्टा, फोड, नखाची कड, बेचकीतली पांढरी ओली कातडी. दोन्ही पावलांवर एकदम तळहात ठेवायचे. एक दुसऱ्यापेक्षा गरम लागलं तर सकाळी डॉक्टरांकडे. सहा वर्षांत असं दोनदा झालं. एकदा चपलेत करवंटीचा कपचा सापडला, ती दिवसभर त्यावर चालली होती. रक्ताचा ठिपका वाटाण्याएवढा. तो भरायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मामाचं नाव घरात कुणी काढलं नाही.

अनवाणी चालायचं नाही, हा नियम पाळणं सगळ्यात कठीण. स्वयंपाकघरात चपल चालेना, तर घरात घालायची वेगळी, कधीच बाहेर न जाणारी जोडी आणली. देवघराच्या उंबऱ्याशी ती जोडीही निघते, पण तिथे जाजम घातलंय. राहिलं देऊळ. वैशाखात दुपारी देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालून आलेल्या बायकांचे तळवे मी पाहिले आहेत, आणि त्यांना निदान चटका कळतो. म्हणून आम्ही जातो ते पहाटे, फरशी गार असताना, सुती मोजे घालून. पुजाऱ्यांनी पहिल्यांदा मोज्यांकडे पाहिलं. आईच त्यांना म्हणाली, "माझे पाय माझा ऐकणत नाय, म्हणान झील ऐकता."