गॅस भरण्याआधी गळती शोधा

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी गाडीचा एसी ही चैन राहत नाही. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश सेल्सिअस तापमान सोसले आहे. ४४-४५ अंश तर नवतपा लागण्याआधीही असतेच. माझ्या वडिलांचे डायलिसिस रामदासपेठेतल्या रुग्णालयात होते. मानेवाड्याहून जाताना ते गप्पा मारत जातात. परतताना मात्र अंगात त्राण नसते, रक्तदाब उतरलेला असतो. अशा माणसाला तापलेल्या गाडीत कसे बसवणार? त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस एसीतून कोमट हवा येऊ लागली, तसे मी गॅरेज गाठले.

तिथे गेज लावले, “गॅस संपला” म्हणून सांगितले आणि गॅस भरून दिला. काही दिवस गाडी छान थंड राहिली. मग कॉम्प्रेसर ‘टक्’ करून सुरू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. दाब फार उतरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, म्हणजे गॅस पुन्हा गेला होता. पैसे गेलेच, शिवाय वडिलांना खिडक्यांना ओले पंचे लावून घरी आणावे लागले. त्या दिवशी मला खरोखर संताप आला.

मग अमरावती रोडवर वाडीच्या बाजूला फक्त एसीचीच कामे करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांचे पहिलेच वाक्य होते, “गॅस काही खतम होत नाही भाऊ, तो निघून जाते. कुठून जाते ते पाहू, मग भरू.”

गाडीच्या एसीत गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, पेट्रोलसारखा जळत नाही. रबरी होज आणि सील यांतून वर्षानुवर्षे अगदी थोडा झिरपतो, पण काही आठवड्यांत थंडावा गेला तर कुठेतरी गळती असतेच. गाडीखाली टपकणारे पाणी ही मात्र गळती नव्हे. ते कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ थंड होऊन जमलेले पाणी असते.

मिस्त्रींनी आधी बॅटरी लावून तेलाचे डाग शोधले. गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. जिथून गॅस सुटतो तिथे तेल येते आणि त्यावर धूळ चिकटते. बंपरमागच्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात असाच काळपट, चिकट पट्टा दिसला. रस्त्यावरचे खडे आणि धूळ सगळ्यात आधी झेलतो तो कंडेन्सरच. त्यात आपल्याकडच्या उन्हात एसी चालू असताना त्यातला दाब अडीचशे पीएसआयच्या वर जातो. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस भरतो.

पण नुसत्या डागावर त्यांनी निकाल दिला नाही. उरलेला गॅस मशीनने काढून घेतला आणि नळ्यांत नायट्रोजन भरला. साध्या हवेत ओलावा असतो, तो आतल्या तेलाची नासाडी करतो; नायट्रोजन कोरडा असतो. मग प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावले. सगळे जोड आणि सर्व्हिस वॉल्व कोरे निघाले. कंडेन्सरच्या कोपऱ्यात मात्र बारीक बुडबुडे हळूहळू फुगू लागले.

“नुसता व्हॅक्यूम मारून कळलं नसतं का?” मी विचारले. त्यांचे उत्तर प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावे असे आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत जेमतेम १५ पीएसआयचा दाब पडतो, आणि गाडी चालताना आतून बाहेर कितीतरी पट जास्त. व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाहीच, असे मुळीच नाही.

कंडेन्सर नवा बसवला, जोडांच्या ओ-रिंग आणि ड्रायर बदलला, लागेल तेवढे तेल घातले. पुन्हा नायट्रोजन भरून काटा हलत नाही ना ते पाहिले. मग व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालवला. त्या निर्वात पोकळीत उरलासुरला ओलावा उकळून निघून जातो. शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला ४५० ग्रॅम गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. गाडी बंद असताना गेजवरचा दाब उन्हाच्या तापमानावर ठरतो, आत गॅस किती आहे ते त्यावरून कळत नाही. म्हणून वजनच खरे.

या कामाला पहिल्या गॅरेजपेक्षा बराच जास्त खर्च आला, आणि तो योग्यच होता. कारण प्रश्न फक्त खिशाचा नाही. माझ्या गाडीतला आर-१३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. ४५० ग्रॅम हवेत सोडणे म्हणजे पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळण्याइतकी हानी. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली करार झाला, २०२१ मध्ये भारताने त्याला मंजुरी दिली. उन्हाने भाजणाऱ्या शहरात थंडाव्यासाठी दर उन्हाळ्यात तोच गॅस हवेत सोडत राहणे, हे मला पटत नाही.

तेव्हा गॅरेजवाला “गॅस संपला” म्हणाला तर त्याला आधी विचारा, तो गेला कुठून? नायट्रोजन भरून गळती दाखवा म्हणा, आणि गॅस वजन करूनच भरून घ्या. जो हे करायला तयार नसेल, त्याच्याकडे गाडी देऊ नका.