आठ खिडक्यांची पाणबुडी

'सीव्ह्यू' या पाणबुडीच्या नाकाशी बाहेरून पाहिले तर आठ खिडक्या होत्या. आत शिरले की त्या चारच उरत. जमा आणि नावे यांत इतकी ढळढळीत तफावत एखाद्या पेढीच्या वहीत निघाली असती, तर मुनीमजींना रात्री घरी जाता आले नसते. परंतु १९६४ साली अमेरिकेतील जी मुले सोमवारी संध्याकाळी दूरचित्रवाणी संचासमोर मांडी घालून बसत, त्यांपैकी पुष्कळांच्या ती ध्यानातही आली नाही. ज्यांच्या आली, त्यांनी ती मनात जपून ठेवली. आज सत्तरीच्या आसपास पोहोचलेली तीच मुले त्या चार खिडक्यांचा ताळा अजून जुळवीत बसली आहेत.

ही पाणबुडी खरी नव्हे. 'व्हॉयेज टु द बॉटम ऑफ द सी' या नावाचा चित्रपट अर्विन ॲलन या निर्माता-दिग्दर्शकाने १९६१ साली काढला. तो काळच तसा होता. १९५८ मध्ये 'नॉटिलस' ही अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी उत्तर ध्रुवावरील बर्फाखालून पार गेली होती. १९६० च्या जानेवारीत 'त्रिएस्त' नावाच्या यानातून दोन माणसे मारियाना गर्तेत, पृथ्वीवरील सर्वांत खोल समुद्रतळाशी, उतरली होती. अंतराळाइतकाच समुद्रही लोकांना नवा वाटत होता, आणि ॲलनने नेमकी ती मागणी हेरली.

ॲलन हा पक्का व्यवहारी माणूस. चित्रपट संपल्यावर पाणबुडीच्या आतला देखावा त्याने मोडीत काढला नाही. नियंत्रणकक्ष, यंत्रे, लुकलुकणारे दिवे, सारे ठेवून दिले आणि त्याच भांडवलावर तीन वर्षांनी एबीसी वाहिनीसाठी मालिका उभी केली. १४ सप्टेंबर १९६४ ते ३१ मार्च १९६८ या अवधीत तिचे ११० भाग झाले. त्याच दशकातील 'स्टार ट्रेक'चे भाग ७९ भरतात. तरी नाव झाले ते 'स्टार ट्रेक'चे. सीव्ह्यूच्या चाहत्यांना ही गोष्ट अजून सलते, आणि ती सलणे अगदीच अन्यायाचे नाही.

ॲलनच्या काटकसरीची एक हकीकत व्यापारी माणसाला विशेष आवडेल. १९६० साली त्याने 'द लॉस्ट वर्ल्ड' हा चित्रपट काढला होता. त्यात सरड्यांना आणि घोरपडींना शिंगे-पंख चिकटवून डायनोसॉर म्हणून उभे केले होते. मालिकेच्या पहिल्याच वर्षी 'टर्न बॅक द क्लॉक' या भागात ॲलनने त्याच चित्रपटातील दृश्यांचे तुकडे पुन्हा वापरले. अडचण येण्याचे कारणच नव्हते, कारण मालिकेतील कप्तान ली क्रेनचे काम करणारा डेव्हिड हेडिसन त्या चित्रपटातही होता. माल तोच, गिऱ्हाईक नवे. एकदा चित्रित झालेले पाणी आणि एकदा शिवलेला राक्षसाचा पोशाख ॲलनने कधी एका वापरात संपू दिला नाही.

पाणबुडीची लहानमोठी तीन मॉडेले होती. सर्वांत लांब सुमारे सतरा फुटांचे. ते स्टुडिओच्या हौदात पाण्याखाली फिरवून चित्रण करीत. एल. बी. ॲबट या तंत्रज्ञाची ही कामगिरी, आणि तिला एमी पारितोषिकाचा मान मिळाला. आतल्या दृश्यांत मात्र पाण्याचा थेंब नसे. पाणबुडीला धक्का बसला की कॅमेरा कलायचा आणि सगळे नट एकदम डावीकडे, मग एकदम उजवीकडे धडपडायचे. त्यासाठी सेटवर बादलीवर हातोडा आपटून इशारा देत असत, असे नटांनी पुढे सांगितले. ज्यांनी ही मालिका लहानपणी पाहिली, त्यांपैकी बहुतेकांनी घरातील कोचावर ही कवायत केलेली असणार. कोचाच्या स्प्रिंगा हा त्या मालिकेचा न नोंदविलेला खर्च समजावा.

ॲडमिरल नेल्सनची भूमिका करणारा रिचर्ड बेसहार्ट हा मोठ्या योग्यतेचा नट होता. फेलिनीच्या 'ला स्त्रादा'त आणि जॉन ह्यूस्टनच्या 'मोबी डिक'मध्ये त्याने कामे केली होती. हेडिसनने १९६१ च्या चित्रपटातील भूमिका नाकारली होती; बेसहार्ट येत आहे हे कळल्यावर मालिकेसाठी तो तयार झाला. पहिले वर्ष कृष्णधवल होते, कथा बऱ्याचशा हेरगिरीच्या आणि गंभीर असत. दुसऱ्या वर्षी रंग आला, नाकाखालून सुटून आकाशातही उडणारी पिवळी छोटी पाणबुडी आली, आणि तिच्यासाठी जागा करताना मॉडेलाच्या खिडक्या आठाच्या चार झाल्या. ताळा जुळला तो असा, वर्षभर उशिरा. पुढे कथांचा कस मात्र उतरत गेला. ममी, मानवी लांडगा, शेवाळाचा माणूस, शेवंडीचा माणूस असा दर आठवड्याला एक राक्षस येऊ लागला. एका भागात तर चावीची खेळणीच खलाशांवर उलटतात. बेसहार्ट मात्र त्या राक्षसांकडेही अशा गांभीर्याने पाही, की समोर रबराचा पोशाख आहे हे दहा वर्षांच्या मुलाला खरे वाटत नसे. मालिका टिकली असेल तर ती या एका चेहऱ्याच्या प्रामाणिकपणावर, असे म्हणण्यास हरकत नाही.

मालिकेबरोबर तिचा मालही दुकानांत आला. मिल्टन ब्रॅडलीचा पटावरचा खेळ, डॉनरस कंपनीचा ६६ छायाचित्रांचा संच, जो च्युइंगगमच्या पुडक्यांतून एकेक करून जमवावा लागे, गोल्ड की प्रकाशनाचे १६ चित्रकथांचे अंक, ज्यांचे पहिले मोल अवघे बारा सेंट होते, व्ह्यू-मास्टरच्या तीन चकत्यांचे पाकीट, १९६७ मधील अल्लादिन कंपनीचा पत्र्याचा शाळेचा डबा आणि त्यातला थर्मास. सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे ऑरोरा कंपनीचे सीव्ह्यूचे प्लॅस्टिक मॉडेल, फूटभर लांबीचे, घरी बसून डिंकाने जोडायचे.

यांतील एकही वस्तू टिकावी म्हणून केलेली नव्हती. डबा रोज शाळेत जाई, आपटे, पोचे, गंजे. थर्मासच्या आत काच असे. ती पहिल्याच सत्रात फुटे. अंकांच्या टाचण्यांना गंज चढून मधली पाने सुटत. मॉडेल जोडताना डिंकाचा डाग खिडकीवर पडे, आणि मग ते मॉडेल न्हाणीघरातील टबात खऱ्याखुऱ्या मोहिमेवर जाई, तेथून बहुधा परत येत नसे. मुले मोठी झाल्यावर आयांनी माळे झाडले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर या मालाचा घसारा शंभर टक्के होता आणि तो पाचसात वर्षांतच पूर्ण झाला.

आणि नेमके म्हणूनच आज त्याला किंमत आहे. नवे मशीन वर्षागणिक उतरते, हे प्रत्येक कारखानदार जाणतो. येथे उतरता उतरता शून्यावर आलेला माल चाळीस-पन्नास वर्षांनी वर चढला, कारण तो शिल्लकच नव्हता. डब्यापेक्षा थर्मासासह डबा महाग. जोडलेल्या मॉडेलापेक्षा न जोडलेले महाग. आणि ज्याचे पारदर्शक वेष्टनसुद्धा फाडलेले नाही ते सर्वांत महाग. यातील चमत्कार ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या खोक्याला कोणत्याही मुलाचा हात लागला नाही, तेच बालपणाची आठवण म्हणून सर्वाधिक मोल देऊन घेतले जाते. ज्या डब्यावर नखाने कोरलेले नाव आहे, कडेला पोचा आहे, तो बाजारात दुय्यम प्रतीचा ठरतो. बाजाराचा नियम म्हणून हे बरोबर असेल. तरीही असा भाव लावणाऱ्याला नेमके काय विकत घ्यायचे आहे, ते त्याला तरी ठाऊक असेल का, असा प्रश्न पडतो.

अशा मालाला तारण म्हणून कोणती बँक स्वीकारील? ऑरोरा कंपनी १९७७ च्या सुमारास बंद पडली आणि तिचे साचे मोनोग्रॅम कंपनीकडे गेले. साचा जिवंत असला की माल पुन्हा निघू शकतो. पुढे २००८ च्या सुमारास अमेरिकेतीलच मोबियस या कंपनीने अगदी नव्या साच्यातून सीव्ह्यूचे तीन फुटांहून लांब मॉडेल काढले, जुन्यापेक्षा कितीतरी अचूक. ज्यांना पाणबुडी हवी होती त्यांची सोय झाली. ज्यांना खोके हवे होते ते जुन्यालाच चिकटून राहिले. एकाच वस्तूचे हे दोन निराळे बाजार.

पण दोन्ही बाजारांतले गिऱ्हाईक एकाच वयाचे आहे. बेसहार्ट १९८४ साली गेला, ॲलन १९९१ साली, हेडिसन २०१९ साली. प्रेक्षक आता त्याच रांगेत मागे उभे आहेत. विकणारा आणि घेणारा दोघेही त्या सोमवारचे. पुढच्या पिढीला पाणबुडीच्या सोनारचा तो लांबट 'पिंग' ऐकून काहीही होत नाही. खोलीभर जमविलेला संग्रह मुलांच्या हाती येईल, तेव्हा ती एकाच वेळी विकायला काढतील आणि घेणारे थोडे असतील. सोने वारसाला समजते. पत्र्याचा डबा समजावून सांगावा लागतो. काही शहाणे संग्राहक आता प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी लिहून ठेवतात, ती केव्हा घेतली, कोणाकडून, काय दिले. काही जण आयुष्यभर सांभाळलेली बंद खोकी उतरत्या वयात स्वतःच उघडतात आणि जोडायला बसतात. भाव पडतो तो पडो. हात थरथरतो, बारीक भाग चिमटीत धरवत नाहीत, भिंगाचा दिवा लागतो.

मोबियसचे मॉडेल दोन्ही रूपांत निघाले, चार खिडक्यांचे आणि आठ खिडक्यांचे. ते घेणारे आत बारीक दिवे बसवतात, नियंत्रणकक्ष रंगवतात, टेबलाजवळ नेल्सन आणि क्रेनच्या करंगळीच्या नखाहून लहान आकृत्या उभ्या करतात. मग खोलीतला दिवा मालवतात. चार खिडक्यांच्या मॉडेलात सारे व्यवस्थित बसते. आठ खिडक्यांचे घेणाऱ्यापुढे मात्र तोच जुना प्रश्न उभा राहतो, की बाहेर आठ आहेत तर आत किती दाखवायच्या. हा प्रश्न घेऊन साठीसत्तरीतली माणसे रात्री उशिरापर्यंत जागी असतात, आणि पुष्कळदा आत चारच ठेवून झोपायला जातात.