अंगठ्यावरची आरसी

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणून आई वाद मिटवायची. वरणात मीठ कमी पडलं का, दूधवाल्यानं पाणी घातलं का, थोरल्या काकांनी वाटणीत डावं-उजवं केलं का, सगळ्याला हेच उत्तर. चार दिवस झाले, ती म्हण डोक्यात येऊन बसली आहे आणि उठायचं नाव घेत नाही.

आमच्या लोहारद्याच्या घरात ही म्हण दोन भाषांत नांदायची. आत मराठी, ओट्यावर हिंदी, शेतात मालवी, असाच आमचा संसार. आई मराठीत म्हणे, शेजारच्या ठकुराइनकाकी हिंदीत, आणि हिंदीत तिला पुढे शेपूट असे: हाथ कंगन को आरसी क्या, पढ़े-लिखे को फारसी क्या. फारसीशी आमचा संबंध नव्हता. आरसी म्हणजे हिंदीतला आरसा, एवढंच मी धरून चालले होते. एके दुपारी काकींनी ट्रंक उघडून आरसी हातावर ठेवली तेव्हा कळलं, ती अंगठी असते. अंगठ्यात घालायची, चांदीची, वर जुन्या रुपयाएवढी चकती आणि चकतीत आरसा. कडेला बारीक घुंगरू, त्यातले दोन गळलेले. पारा उडून एका बाजूला काळा डाग पडलेला. मी ती तोंडासमोर धरली, तर चेहरा मावेना. एक डोळा दिसला, हात हलला की नाकपुडी. काकी हसल्या. म्हणाल्या, ‘इसमें मुँह थोड़े ही देखते हैं, बेटा.’ घुंगट घेऊन बसलेल्या सुनेला मान न वळवता मागे कोण येऊन उभं राहिलं ते दिसावं, म्हणून ही. हे खरं की मला रंगवून सांगितलं, कोण जाणे.

पण त्यानं म्हणच बदलते. मराठीत काकण हातात आणि आरसा भिंतीवर. उठून जावं लागतं, म्हणून ‘कशाला’. हिंदीत दोन्ही एकाच हातावर, चार बोटांच्या अंतरावर. आणि गंमत म्हणजे ज्या हातात आरसी आहे त्याच हातातलं काकण तिच्यात दिसत नाही. मी तेव्हा करून पाहिलं होतं. अंगठा तेवढा वळतच नाही. दुसऱ्या हातातलं दिसतं.

माध्यमांवरचा जो कोर्स मी करते आहे, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाळशास्त्री जांभेकर आले. ६ जानेवारी १८३२, ‘दर्पण’, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र; हे कोणीही झोपेत सांगेल. पण ते दोन भाषांतलं होतं, मराठी मजकुराच्या शेजारच्या रकान्यात इंग्रजी, याकडे मी साठीला येईपर्यंत लक्ष दिलं नव्हतं. आता राहून राहून वाटतं, ते दर्पण होतं की आरसी? मराठी वाचणाऱ्याला त्यात आपलं तोंड दिसत होतं, की मागे उभा असलेला साहेब? कदाचित साहेबालाच पुढचे दिसत असतील. मी हे वहीत लिहिलं आणि खोडलं. शिकवणाऱ्या बाईंना यातलं काही नको असतं. त्यांना हवे असतात मुद्दे.

मुद्द्यांचंही माझं काही खरं नाही. स्टुअर्ट हॉल या अभ्यासकानं १९७३ साली मांडलं, की पाठवणारा संदेशात एक अर्थ बांधून देतो, पण घेणारा तो तसाच सोडवेल असं नाही. कोणी मान्य करतो, कोणी घासाघीस करतो, कोणी उलटाच लावतो. मला वडील आठवले. इंदूर आकाशवाणीवर नंदाजी आणि भेराजी मालवीत शेतीच्या गप्पा मारायचे. रेडिओतून ‘राम राम’ आलं की वडील इकडून ‘राम राम’ म्हणत, अगदी हात जोडून. खत किती, बियाणं कोणतं, सगळं माना डोलावत ऐकत. सकाळी शेतावर जाऊन आपल्याच मनानं करत. चाचणीत असाच एक श्रोता आला होता, खाली चार पर्याय. मी एकावर बोट ठेवलं आणि लाल फुली उमटली. चिकित्सक विचार कसा करायचा हे शिकवणाऱ्या चाचणीत उत्तर मात्र एकच बरोबर असतं. ज्याला आपण उत्तरादाखल हात जोडतो त्याचं ऐकायचं नाही, हा कुठला पर्याय, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि पुलाचं काय करू? गेल्या पावसाळ्यात रात्री नऊच्या सुमारास आळीतल्या प्रत्येक फोनवर एक व्हिडिओ फिरला: पूल, पुलावरून पाणी, कोणाचा तरी ‘हट जाओ, हट जाओ’ असा ओरडा. खाली लिहिलेलं, लोहारदा. आमचा पूल घरापासून पाच मिनिटांवर. पाऊस थांबलेला. ओट्यावर आम्ही आठ-दहा जण तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघत होतो. कठडा आपलाच आहे. नाही, आपल्याकडे डाव्या अंगाला बाभूळ आहे. बाभूळ अंधारात कशी दिसेल? पाऊण तास हे चाललं. उठून कोणी गेलं नाही. मीही नाही, आणि तेव्हा कोर्सचे पाच आठवडे झाले होते. सकाळी पाणी उतरलेलं होतं, पुलावर चिखल होता. पण चिखल पावसाळ्यात असतोच.

आईनं काय म्हटलं असतं, ते ठाऊक आहे. ते पुरत नाही, एवढीच अडचण.

स्वाध्याय होता: सात दिवस आपलं गाव माध्यमांत कसं दिसतं ते टिपा. आलं दोनदा. एकदा वीज बंद राहणार म्हणून, एकदा मोटारसायकल घसरली म्हणून. बाकीचं पान कोरं आहे.

शेवटी काकींच्या सुनेला फोन केला, आरसी अजून आहे का विचारायला. म्हटलं, येऊन बघते. ती म्हणाली, ‘आप क्यों तकलीफ करती हैं, फोटो भेज देती हूँ.’ मधे एक भिंत आहे आमच्या. फोटो आला. घुंगरू आणखी गळलेत. मी दोन बोटांनी मोठा करून पाहिला. आरशात तिच्या फोनची पाठ दिसते, आणि त्याच्यामागे कोणीतरी उभं असावं असं वाटतं. की तो पाऱ्याचा डाग आहे?