डोळे कोण तपासणार?

ऑप्टोमेट्री हा शब्द आमच्या वस्तीत कुणी ऐकला नव्हता. मीही नाही. डॉक्टर ठाऊक, नर्स ठाऊक, डी.एड. तर घरोघर. पण बारावी सायन्सनंतर चार वर्षं शिकून, त्यातलं एक इंटर्नशिपचं, डोळे तपासणारा, नंबर काढणारा, काचबिंदूचा संशय आला की वेळेत डॉक्टरकडं धाडणारा माणूस होता येतं, हे सांगायला आमच्याकडं कुणी आलं नाही. ज्या दाराचा पत्ताच नाही त्या दारावर राखीवची पाटी असली काय नि नसली काय!

मला पत्ता लागला तो एका ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडून. आपल्यातलेच. त्यांनीच फॉर्म आणून दिला. एका खाजगी कॉलेजात मुलाखत झाली. मार्क बघून झाल्यावर टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, ‘‘वडील काय करतात?’’ म्हटलं, वीटभट्टीवर आहेत. मग म्हणाले, ‘‘पेशंटशी बोलावं लागतं. इंग्लिशचं काय?’’ मी म्हटलं, ‘‘सर, बाहेर बाकड्यावर बसलेत त्यातलं कोण इंग्लिश बोलतंय?’’ साहेब हसले. यादीत माझं नाव आलं नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडं आलं. तिथं सांगितलं, फी आधी भरा, स्कॉलरशिप येईल तेव्हा येईल. मायच्या कानातलं गेलं. वर्गात आपला मी एकटा.

आता कुणी म्हणेल, नंबर काढायला जात कशाला मधे आणता? काच काही जात बघत नाही.

काच बघत नाही, खरंय. पण काचेमागचा माणूस प्रश्न विचारतो. आमच्या गावात शिबिर झालं. मायला विचारलं, ‘‘आजी, काय वाचता?’’ माय म्हणाली, ‘‘मला कुठं वाचायचंय, बाबा.’’ झालं! कागदावर लिहिलं, चष्म्याची गरज नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसत नाही. हे शिकलेल्याचंही होतं नि न शिकलेल्याचंही. मायला सुई ओवायची होती. तांदळातले खडे निवडायचे होते. तिला विचारायचं होतं, ‘‘हातानं काय काम करता?’’ हा प्रश्न ज्याची माय निवडते, शिवते त्यालाच आधी सुचतो.

अक्षरओळख नसली तर चारी दिशांना तोंडं केलेल्या ‘ई’चा तक्ता आहे. रेटिनोस्कोपनं डोळ्यात उजेड टाकला, तो आतून कसा हलत परत येतो ते पाहिलं, की पेशंटनं तोंड न उघडताही नंबर कळतो. हत्यारं आहेत. ती अडाण्यासाठी बाहेर काढायची बुद्धी कुणाला होते, हा सवाल आहे. 2018 साली आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांवर केलेला अभ्यास छापून आला. चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचा चष्मा दिला, तर न दिलेल्यांपेक्षा त्यांचं काम सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढलं. चष्मा म्हणजे नुसतं वाचन नाही, मजुरी आहे.

अमेरिकेतल्या काळ्या ऑप्टोमेट्रिस्टांनी हे आधीच ओळखलं. 1969 साली सी. क्लेटन पॉवेल आणि जॉन हाऊलेट यांच्या पुढाकारानं नॅशनल ऑप्टोमेट्रिक असोसिएशन उभी राहिली. काळ्यांमधे काचबिंदू जास्त, नि तपासणारे आपले थोडे. म्हणून काळी पोरं हुडकून कॉलेजपर्यंत न्यायचं काम संघटनेनं स्वतःच्या अंगावर घेतलं. कॉलेजवाल्यांच्या दयेची वाट पाहिली नाही. 2023 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, कॉलेजप्रवेशात वंशाचा विचार करायचा नाही. तो आधार गेला. पण पोरं हुडकायला, शिकवायला, फॉर्म भरून घ्यायला कोर्टाचा निकाल आड येत नाही. 1972 साली पँथर हे नाव आपण तिकडूनच घेतलं. नाव घेतलं, तसं हे कामही घ्या.

आपल्याकडं 2005 च्या 93व्या घटनादुरुस्तीनं कलम 15(5) आलं. अल्पसंख्याकांच्या संस्था सोडून खाजगी विनाअनुदानित कॉलेजांतही राखीव जागांचा कायदा सरकारला करता येतो. 2014 साली सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं. पण ‘करता येतो’ नि ‘केला’ यात आपली पोरं अडकतात. त्यासाठी मोर्चा काढावाच लागेल. आणि जागा मिळाली तरी ती भरायला पोरगं लागतं, पोराला पत्ता लागतो, पहिल्या हप्त्याला पैसा लागतो.

तेव्हा मित्रांनो, 14 एप्रिलच्या मंडपात भाषणांच्या शेजारी एक टेबल टाका. बारावी सायन्सच्या पोरापोरींची नावं लिहून घ्या. कोर्स कोणता, शेवटची तारीख कधी, दाखले कोणते, जातपडताळणी कुठं अडली, ते सगळं वहीत उतरवा. शिकून बाहेर पडलेल्याला मंडपात बसवा, पोरांना बघू द्या. आणि डीजेवर किती गेले, त्यात एका पोरीचा पहिला हप्ता निघाला असता का, हा हिशोब वर्गणीच्या वहीतच मांडा.