शेवटचा चहा किती वाजता?

सिग्नलला झोप लागलीये कधी? मला लागली. मागच्या नोव्हेंबरात, भर दुपारी, कर्वे रोडवर, स्कूटरवर बसल्या बसल्या. सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्या काकांनी हॉर्न बडवला आणि मी दचकून जागी झाले. पाय जमिनीवर होते म्हणून वाचले.

रात्री मात्र टक्क जागी. फ्रीलान्सिंग म्हणजे आपणच आपले बॉस, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात चार बॉस असतात आणि चौघांचीही डेडलाइन सोमवारीच असते! शेवटी डॉक्टर गाठले. त्यांनी बीपी बघितलं आणि साधा प्रश्न विचारला, ‘दिवसातला शेवटचा चहा किती वाजता?’

‘अकरा,’ मी म्हटलं. ‘रात्रीचे.’

त्यांनी हिशोबच मांडला. कॅफिन निम्मं व्हायला शरीराला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री अकराच्या कपातलं निम्मं कॅफिन पहाटे चारलाही अंगात खेळत असतं. ‘मग ग्रीन टी घेऊ?’ मी हुशारी दाखवली. ‘तीसुद्धा चहाच्याच झाडाची पानं. त्यातही कॅफिन आहेच.’ झालं!

मग आपली पिढी जे करते तेच मी केलं. शॉपिंग! कॅमोमाइल, पुदिना आणि लेमनग्रास यांचं कॅफिन-फ्री मिश्रण, पिरॅमिडच्या आकाराच्या टी बॅग्ज, वर झोपलेल्या चंद्राचं चित्र आणि एकच शब्द, ‘रिलॅक्स’. किंमत बघून झोप उडाली, तो भाग वेगळा. ते पाकीट सॅकमध्ये टाकलं, मैत्रिणीला गाडी काढायला लावली आणि डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही ताम्हिणी घाट उतरलो.

माणगाव, मंडणगड, दापोली आणि तिथून खाली समुद्राकडे मुरुड. गंमत बघा, ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर मला डुलकी लागली, त्या महर्षी कर्व्यांचं हे गाव. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याचे गडगे आणि त्यापलीकडून अखंड ऐकू येणारी गाज. आम्ही उतरलो होतो ते घर एका काकूंचं. पुढे पडवी, मागे वाडी आणि फोनला रेंज फक्त विहिरीपाशी. तीही एकच दांडी.

रात्री जेवणं झाल्यावर मी माझं पाकीट बाहेर काढलं. ‘काकू, गरम पाणी मिळेल? झोपेचा चहा आहे.’ काकूंनी चष्मा लावून पाकीट उलटंसुलटं पाहिलं. टी बॅग नाकाशी नेली. ‘वाळवलेल्या शेवंतीसारखा वास येतोय गो.’

नाक असावं तर असं! कॅमोमाइल खरंच शेवंतीच्याच कुळातलं फूल. ग्रीक लोकांना त्यात सफरचंदाचा वास आला, म्हणून त्यांनी त्याला ‘जमिनीवरचं सफरचंद’ म्हटलं. त्यावरूनच कॅमोमाइल हा शब्द आला.

‘आणि हे लेमनग्रास म्हणजे काय?’ काकूंनी विचारलं. मी म्हटलं, ‘गवती चहा.’ काकू पोट धरून हसल्या. मग बॅटरी घेऊन मला मागच्या दारी घेऊन गेल्या. न्हाणीघराचं पाणी जिथे वाहून जातं, तिथे कमरेएवढा गवती चहा माजला होता. ‘हे बघ तुझं लेमनग्रास. सांडपाण्यावर वाढतं!’ मी उत्साहाने पात उपटायला गेले आणि बोट कापून घेतलं. कडा ब्लेडसारख्या असतात. सांभाळून!

मग टेस्टिंग झालं, अगदी शास्त्रशुद्ध. डावीकडे माझं पाकीट, उजवीकडे काकूंचं मिश्रण. काकूंनी गवती चहाच्या चार पातींची गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकली. तुळशीची पाच-सहा पानं, बोटाच्या पेराएवढं आलं, चवीपुरता गूळ. शेवटी जायफळ खिसणीवर जेमतेम दोनदा फिरवलं. ‘जास्त नको. जायफळ जास्त झालं की गरगरतं.’ जायफळ त्यांच्या वाडीतलंच. नारळी-पोफळीच्या सावलीत ते छान वाढतं आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा त्याच्या खास जातीही काढल्यात.

निकाल? पाकिटातला चहा गवताळ, सौम्य, पहिल्या घोटाला गोडसर आणि नंतर नुसतंच गरम पाणी. काकूंचा मात्र आधी नाकात जातो, मग घशाला आल्याचा चटका देतो आणि घोट खाली उतरला की जायफळ हळूच मागे रेंगाळतं. दहाला पडवीत बसून पेला संपवला, साडेदहाला आडवी झाले आणि थेट सकाळी सातला जागी. साडेआठ तास! मी तर मनातल्या मनात या लेखाचं शीर्षकही ठरवून टाकलं होतं, ‘आजीबाईच्या बटव्यातली जादू’.

पण शनिवारी दोन गोष्टी झाल्या. एक, डोकं ठणकायला लागलं. दिवसाला आठ कप ढोसणाऱ्याने एकदम बंद केलं की हे होतंच. काकूंनी काही न बोलता अर्धा कप दुधाचा, साधा, झकास चहा समोर ठेवला. दुसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळी हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव आणि समोरचा सुवर्णदुर्ग बघून परत आलो, तर काकू पडवीत चहा पीत बसलेल्या. गवती चहाचा वास येत होता, पण रंग? चांगला तांबूस. चहापत्ती, दूध, साखर, सगळं होतं त्यात!

‘काकू, तुम्ही नुसता नाही पीत?’

‘नुसता? अगो, तो ताप आला की द्यायचा. मी काय आजारी आहे?’

‘मग मला काल झोप कशी लागली?’

‘दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी झालेली, रात्री तो फोन नाही हातात. झोप नाही लागणार तर काय होणार?’

पुण्यात आल्यावर मी शोधाशोध केली. ब्राझीलमध्येही गवती चहाने मन शांत होतं, झोप येते, असं लोक मानतात. तिथल्या संशोधकांनी माणसांना तो पाजून बघितला. १९८६ साली निष्कर्ष छापून आले : झोप आणणारा किंवा चिंता कमी करणारा परिणाम आढळला नाही. काकू जिंकल्या!

माझा स्वतःचा पुरावाही सांगते. परतल्यावर सोमवारी रात्री काकूंचाच गवती चहा, काकूंच्याच वाडीतलं जायफळ. फक्त मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी फोन. पहाटे तीनपर्यंत जागी!

तेव्हापासून नियम एकच. खऱ्या चहाचा शेवटचा कप दुपारी चारला. रात्री दहाला लॅपटॉप बंद आणि मग काकूंचं मिश्रण. ते झोप आणत नाही, पण अकराच्या चहाची जागा घेतं. हातात गरम पेला असला की फोन धरता येत नाही, हा बोनस. रोज साडेआठ तास झोप मिळते असं नाही, पण सहा नक्की. आणि कर्वे रोडचा सिग्नल आता मी डोळे उघडे ठेवून पार करते.

त्या पाकिटात अजून नऊ टी बॅग्ज शिल्लक आहेत. कुणाला हव्यात?

कसं जाल? पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-मंडणगडमार्गे दापोली, गाडीने पाच-सहा तास. रेल्वेने खेडला उतरून दापोली साधारण ३० किलोमीटर. दापोलीहून मुरुडला एसटी, रिक्षा मिळते.

कधी जाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

काय आणाल? जायफळ, जायपत्री आणि गवती चहाचा मुळासकट एक ठोंब. बाल्कनीतल्या कुंडीत आरामात जगतो.